रोशेलचे हात अडकतात

५ ऑक्टोबर २००८, रविवार

पुन्हा तेच! रोशेलचा हात हनुवटीपर्यंत आला आणि तिथेच अडकला. मग नुसते चौकोन. चित्र हललं तेव्हा ती पुढच्या गोष्टीवर गेलेली. मी आपली मान डोलावत बसले. काय म्हणाली, देव जाणे.

लोकांना फोन तरी आहे. मुलांचा आवाज ऐकला की जीव भांड्यात पडतो. माझ्या लेकीला ऐकूच येत नाही, तर फोन घेऊन काय करू? आमचं बोलणं सगळं हातांचं – ती रांगत होती तेव्हापासून आम्ही दोघींनी घरात बसून जमवलेल्या खुणा. इथे आखातात तिच्यासाठी शाळा जमेना म्हणून जूनमध्ये मुंबईच्या शाळेत घातली, हॉस्टेलवर. शनिवारी माझी बहीण ब्रेंडा तिला वसईला घरी आणते आणि रविवारी दुपारी कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यासमोर बसवते. टाईप कर म्हटलं तर रोशेल शाळेत शिकवलेलं एकच वाक्य टाईप करते – आय ॲम फाईन मम्मी. ते पोस्टकार्डावरही कळलं असतं!

खरंच फाईन आहे की परत यायचंय, एवढंच मला तिच्या हातांवरून बघायचंय. आणि नेट चालत नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

टेलिफोन कंपनीला फोन. "मॅडम, मोडेम बंद करके चालू करो." केलं. महिनाभर तेच करतेय. आता त्याच्याऐवजी मलाच कोणीतरी बंद करून चालू करा.

९ ऑक्टोबर, गुरुवार

कंपनीचा माणूस आला एकदाचा! मुनीर नाव, केरळचा. जिन्यातल्या पेटीला त्याचं यंत्र लावलं. "यहाँ तक लाइन एकदम ठीक. अंदर वायरिंग किसने किया?" म्हटलं, "मेरे हजबंड ने. इलेक्ट्रिशियन है." त्याने यंत्र पिशवीत टाकलं. चहा घेतला, आणि जाताना – "अंदर का काम हमारा नहीं, मॅडम. खलास."

संध्याकाळी लॉरेन्स सोहारच्या फॅक्टरीतून आला, त्याला सांगितलं. भडकला! "अख्ख्या प्लांटचं वायरिंग सांभाळतो मी. घरातली एक टेलिफोनची वायर ओढता येत नाही मला?" जेवतानाही तोंड फुगलेलं. मीही मग मनवायला गेले नाही. दमलेय.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सोहारच्या चर्चमध्ये मिसाला गेलो. इथे शुक्रवार म्हणजेच आमचा रविवार. सगळे गुडघ्यावर, आपापल्या आजारी माणसांसाठी मागताहेत – आणि मी मोडेमसाठी! फादरना कळलं तर काय म्हणतील.

परत येताना लॉरेन्स गाडीत एकच वाक्य बोलला. "कंपनीच लाइन खराब देते."

१२ ऑक्टोबर, रविवार

पकडलं!

रोशेल बोलत होती. बेडरूमचा एसी खट्‌ करून सुरू झाला आणि मोडेमचा हिरवा दिवा गेला. चित्र गेलं. मी एसी बंद केला – थोड्या वेळाने दिवा परत! पुन्हा चालू केला, पुन्हा गेला. म्हणजे आमच्या इलेक्ट्रिशियनसाहेबांनी फोनची वायर एसीच्या केबलबरोबर एकाच पाइपातून ओढलीय. का, तेही ठाऊक आहे. भिंतीवर वायर दिसली की लॉरेन्सला ती आपली बेअब्रू वाटते. दुसऱ्यांच्या घरी जेवायला गेला तरी आधी भिंती बघतो.

मग बिनएसीची बसले. ऑक्टोबरात, आमच्या या सहम गावात, भर दुपारी! घाम डोळ्यांत जात होता. दिवा टिकला, पण चित्र रखडतच होतं. रोशेल खूप काही सांगत होती, मध्येच तोंडावर हात दाबून धरला. रडली की हसली? ब्रेंडाला फोन करून विचारलं. "अगं, मला कुठे कळतंय तिचं! पण जेवली नीट." बस, एवढंच.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी कॉम्प्युटर, मोडेम सगळं उचलून बाहेर जिन्यात नेलं आणि लाइन जिथे घरात शिरते तिथेच मोडेम जोडला. ब्रेंडाच्या घरातल्या बारशाचे फोटो फटाफट उघडले. मी तिथेच पायरीवर बसले. वाटलं हसावं, पण रडायलाच आलं. घरमालक हारून वर येत होता, जिन्यात कॉम्प्युटर बघून थबकला. "ऑफिस?" म्हणाला!

लॉरेन्स येईपर्यंत काही हलवलं नाही. तो आला, बूटसुद्धा काढले नाहीत, फोटो उघडून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मध्ये वायर कमी पडली होती. जोड मारून टेप लावली होती मी." आणि आत जाऊन अंघोळीला घुसला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

मिसाहून आल्या आल्या कामाला लागला. नवी वायर, जोड न देता, दाराच्या चौकटीवरून सरळ हॉलभर खिळ्यांच्या क्लिपांनी. भिंतीवर चांगली ठळक दिसते आहे! काम झाल्यावर त्या वायरकडे बघत उभा राहिला. म्हटलं, "राहू दे. कोण बघायला येतंय?"

तर म्हणाला, "तसं नाही गं. चित्र अडकतं हे मला समजलंच नाही कधी. तुम्ही दोघी बोलता. मला नीट दिसलं काय, न दिसलं काय – सारखंच." लग्नाला इतकी वर्षं झाली, हे कधी बोलला नव्हता. राग गेला माझा. चहा करून दिला.

१९ ऑक्टोबर, रविवार

एसी चालू, दिवा चालू, चित्र आरशासारखं. रोशेलची नखंसुद्धा दिसत होती. मजेत आहे पोर! खळखळून हसत होती, हात भराभर चालत होते – हॉस्टेलातल्या मुलींची खुणांची भाषा. मला एक अक्षर कळलं नाही. आता दोष कोणाला देऊ? माझा चेहरा बघून ती थांबली. मग आमच्या घरच्या खुणा करत, एकेक हात सावकाश उचलत बोलली – आपण परक्या माणसाशी बोलतो तसं.