बाजारच्या दिवशीची पुडी

१२ जून, मोरबी
सुरत सोडली, वापी सोडलं, आता हे. टाइल्सचा कारखाना, पॅकिंगला. भट्टी लांब आहे म्हणतात, पाठ तरी भाजते. खोलीवर एरंडोलचा सुरेश आहे, तेवढीच आपली बोली. म्हणतो, तू इथली पण दिवाळी बघत नाहीस. बघू.
मायचा फोन. आबाला धुळ्याला दाखवलं. बीपीनं किडनी खराब झाली हे गेल्या वर्षीच कळलं होतं. आता व्हिटॅमिन डी पण फार कमी निघालं, म्हणून हाडं ठणकतात. डॉ.नं पुडी दिली. दुधातून, आठवड्याला एक. आठ झाल्या की थांबायचं आणि रक्त तपासायचं.

१३ जून
आबाशी बोललो. हसत होता. बापानं चाळीस वर्षं बाजारात उन्हात बसून बैलांचे कासरे, म्होरक्या, घुंगुरमाळा विकल्या, आणि ऊन कमी पडलं म्हणे. इथल्या मेडिकलवाल्याला विचारलं. तो म्हणाला अंगातलं डी कामाला लावते किडनी, आणि किडनीच्या पेशंटला ते बहुतेक कमीच असतं. एवढंच कळलं.
आबाला वार ध्यानात राहत नाही, बाजार राहतो. म्हणून सांगितलं, बाजारच्या दिवशी घेत जा. गावचा बाजार गुरुवारी. दुसरे बाजार तर आता नाहीतच. दुखणं निघालं तेव्हाच मी शपथ घालून त्याचं दुकान बंद करायला लावलं. डोकं चाललं माझं. खूश.

२ जुलै
सुरेश गावी गेला. त्याच्याजवळ चाळीस पुड्यांचा अख्खा डबा दिला. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी पण नाही मागितली. सुरेश म्हणे, एवढ्या कशाला, गाव जेवू घालायचंय का? म्हटलं राहतील पडून, आबाला मेडिकलला चकरा नकोत. माय शिंदखेडा स्टेशनावर येऊन घेऊन गेली.
स्वतः जाता येत नाही तर निदान हे.

२० जुलै
आबा म्हणतो पाय हलके झाले. माय म्हणते सकाळी माझ्याआधी उठतो. आज जेवताना खोलीवरच्या सगळ्यांना सांगितलं. पहिल्यांदा वाटलं की घरासाठी काहीतरी केलं.

९ ऑगस्ट
आबाचं जेवण सुटलं. उलट्या. तांब्यावर तांब्या पाणी पितो, चार दिवस पोट साफ नाही. मी म्हटलं बाहेरचं खाल्लं असेल. तर माय घाईनं म्हणाली, तो कुठं जातो बाहेर. मी ओरडलो तिच्यावर, तब्येत बरी नाही तर पुडी तरी चुकवू नका.
(१७ ऑगस्टला लिहिलं: हे पण मीच बोललो.)

१४ ऑगस्ट
आबा बरळतोय. मायला त्याच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारतो. धुळ्याला नेताहेत. निघालो. ठेकेदार म्हणाला, गेलास तर परत येऊ नको. म्हटलं नाही येत.

१६ ऑगस्ट, धुळे
सलाईन चालू. डॉ. तरुण आहे, रागीट. म्हणे रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलंय, किडनी दोन महिन्यांत होती त्याच्या अर्ध्यावर आली. पुड्या किती झाल्या? मायनं पिशवीतून डबा काढून दिला. त्यानं उपडा केला. चाळीसातल्या तीनच पडल्या.
विचारलं, रोज घ्या असं कोणी सांगितलं? आबाचे डोळे मिटलेले. मला वाटलं शुद्ध नाही. तर म्हणतो, माझ्या मनानंच घेतल्या साहेब.
मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. असं का केलं, मला अजून कळत नाही.

१७ ऑगस्ट
आज नीट बोलला. माय चहाला गेली तेव्हा मी खाली वाकून विचारलं, असं का केलं.
"तूच सांगेल व्हतं ना, बाजारना दिन ले."
म्हटलं, आबा, तो आपला गुरुवारचा.
"मन्हा रोज बाजार शे."
होळीपासून बाजाराला जातोय. सोमवारी एक गाव, मंगळवारी दुसरं, आठवड्यात सहा. गाठोडं टेम्पोत टाकतो, संध्याकाळी परत. मी फोन करायचो तेव्हा माय सांगायची झोपला आहे. घरी बसून काय भिंती मोजू, म्हणतो. मी म्हटलं, एवढ्या पुड्या कशा, हे एकदा विचारायचं तरी.
"इचारतू तं तुले बाजारनं समजी जातं. शपथ घालेल व्हती तू."
मग म्हणाला, पण पाय खरंच चांगले होते रे. पहिले पंधरा दिवस.

१९ ऑगस्ट
भेटायला माणसं. शहाळं आणतात, किडनीला ते पण चालत नाही. मामा सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुन्हामुये आबा शे. तिकडून औषध धाडतो पोऱ्या, आमचे बघा." आबा छताकडे बघत होता. मी मान हलवली. हो म्हटलं मी, माझ्यामुळे. हो!
माय मला पोळी वाढताना बघत नाही. तिला माहीत आहे की नाही, कळत नाही. तिनं लपवलं, मी लपवतोय. दोघं एकाच डब्यातून जेवतो.

२१ ऑगस्ट
कॅल्शियम उतरतंय. किडनीचा रिपोर्ट आज चारला. ती वर आली नाही तर मानेत नळी घालून डायलिसिसच्या मशीनवर घेणार.
सकाळी सिस्टर आबाला रागावली. अडाणी माणसं, वाचता येत नाही तर विचारत जा. आबा हसला नुसता. आबा सातवी शिकलाय, मी आठवी नापास. त्याला सगळं वाचता येतं. पुडीवर मोठ्या अक्षरात आठवड्यातून एकदा असं छापलंय, मी आज वाचलं. त्यानं पण वाचलं असणार. तरी माझं ऐकलं.
साडेतीन झाले. डॉ.च्या दाराबाहेर बाकावर बसलोय. माझ्याआधी दोन माणसं. रिपोर्ट कसाही असो, तो हातात घ्यायच्या आधी सांगायचं की बाजारच्या दिवशी घे म्हणणारा मी. नंतर सांगितलं तर ते रिपोर्ट बघून सांगितल्यासारखं होईल.
एक माणूस आत गेला. एकच राहिला.