सोनाजी सरांच्या मेहुण्यास

हिंगोली,
पोळ्याची कर

चिरंजीव अमृत यास (रिटायर झालास, नातवंडांचा आजा झालास, तरी माझ्यापेक्षा धाकटाच, तेव्हा चिरंजीवच) अक्काचे पोटभर आशीर्वाद.

इकडे मी बरी आहे. गुडघा जिन्यावरच तेवढा बोलतो, सपाटीवर गप्प असतो. तुझी खुशाली विचारत नाही, कारण ती तुझ्या शकूबाईकडून रोज कळते : जेवण अर्धं, पेपर न उघडलेला, आणि तुझा तो गल्लीभर जाणारा आवाज तर कुठे गेलाय कुणास ठाऊक. तुलाच फोन केला असता, पण सर गेल्यापासून तू नुसतं "हं" म्हणतोस आणि फोन बायकोच्या हातात देतोस. म्हणून पत्र. पत्रास कारण असं काही नाही. यंदा आमच्याकडे सण नाही, त्यामुळे काल पुरणही नव्हतं, आणि हात रिकामे असले की मला आठवणी फार सुचतात.

मला बघायला आले होते तो दिवस आठवतो का? मी पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आले, तर पाहुणे माझ्याकडे बघायचं सोडून तुझ्याकडे बघत होते, कारण तू उंबऱ्यात उभा राहून "ह्यो तर फाऊल करणारा!" म्हणून ओरडत होतास. महिन्यापूर्वीच परभणीच्या बास्केटबॉल स्पर्धेत सरांच्या कोपरानं तुझा ओठ फुटला होता. (मी त्यांना सरच म्हणायचे. सगळं गाव म्हणायचं, एकट्या बायकोनं वेगळं काय म्हणायचं?) बाबांना वाटलं, हे काहीतरी नवीन व्यसन निघालंय. त्यांनी मध्यस्थाला बाजूला घेतलं. तो बिचारा शपथेवर म्हणाला, "न्हाई हो, फाऊल तर लांबच, पोरगं सुपारीबी खात न्हाई." लग्न ठरलं. मग कानपिळीला तू नवरदेवाचा कान असा पिळलास की भटजी मंत्र विसरले. लग्नाच्या फोटोत सरांचा एक कान दुसऱ्यापेक्षा मोठा दिसतो तो तुझ्यामुळे. पुढे ते इथल्या कॉलेजात कोच झाले आणि तू आपल्या गावातच, कळमनुरीला. (ती नोकरी तू फक्त दाजींना हरवायला धरलीस असं माझं अजून मत आहे.)

तेव्हापासून माझी एकही भाऊबीज धड झाली नाही. तुला पाटावर बसवायचं आणि निरांजन विझेपर्यंत तुमचं चालायचं. एका वर्षी तर तुमच्या त्या शेवटच्या मिनिटाच्या बास्केटवरून तुम्ही माझा सगळा फराळ जमिनीवर मांडलात. करंज्या हिंगोलीच्या, अनारसे कळमनुरीचे, चकली म्हणजे रिंग आणि लाडू म्हणजे बॉल. तू लाडू घेऊन तुझा उंच पोरगा कुठून कसा उडाला ते दाखवत होतास, तेवढ्यात सरांनी तो उंच पोरगा, म्हणजे सगळ्यात मोठा अनारसा, उचलून तोंडात टाकला आणि म्हणाले, "पाच फाऊल झाले, ह्यो बाहेर." तू न जेवता निघालास. एसटी स्टँडपर्यंत जाऊन परत आलास, तेव्हा मला वाटलं ओवाळून घ्यायला आलास. पण तू दारातूनच "चारच फाऊल होते!" एवढं सांगून गेलास. सर चावत होते म्हणून उत्तर देऊ शकले नाहीत, याचं त्यांना पुढची दिवाळी येईपर्यंत वाईट वाटत होतं.

आणि तो धोंड्याचा महिना! जावई बोलावला, नवे कपडे केले, आईनं तुपात धोंडे तळले, ताट मांडलं आणि जावईच गायब. बाबा आरतीचं ताट तसंच धरून शोधायला निघाले, त्यांच्यामागे मी आणि माझ्यामागे निम्मी गल्ली. सापडले कुठे, तर तुझ्या मैदानाच्या भिंतीवर. नवं धोतर खोचून, टोपी मागे सारून, तुझ्या संघाचा सराव बघत बसलेले. तू खाली उभा. हातात दगड नव्हता एवढंच. पण बाबांचा हिशोब सरळ होता. या महिन्यात जावई म्हणजे नारायण, मग तो देव्हाऱ्यात बसो नाहीतर भिंतीवर. "अमृत, आदी पाया पड, मंग भांड." सगळ्या पोरांसमोर तू त्या भिंतीला हात जोडलेस. नारायण वरून म्हणाले, "कल्याण असो. तुमचा डावीकडचा पोरगा लई कच्चा हाय, त्याला बदला." तू हट्टानं बदलला नाहीस आणि दसऱ्यानंतरचा सामना त्याच बाजूनं घालवलास.

हसू येतं रे. स्वयंपाकघरात एकटी असले की मोठ्यानं येतं. शेजारच्या केशरबाई खिडकीतून डोकावून जातात.

एक गोष्ट तुला माहीत नाही. तुझ्याकडून हरून आले की सर बूट न काढता अंगणात बसायचे. चहा नको, जेवण नको. बऱ्याच वेळानं हळूच म्हणायचे, "लक्ष्मी, तुझ्या भावाला खेळ कळतो. त्याला सांगू नको." इतकी वर्षं नाही सांगितलं. आता सांगायला हरकत नाही, कारण आता तू ते ऐकवणार कुणाला?

बाकी इकडची बातमी अशी की, मी कोच झाले आहे. हसू नको. जूनमध्ये कॉलेज उघडलं तशा सरांच्या संघातल्या पोरी शिट्टी मागायला दारात आल्या. पुनम कप्तान आहे, बोलते कमी. शिवकन्या उंच आहे, बोलते फार. शिट्टी सरांची, अशी कशी देऊ? म्हणून मी शिट्टीसोबत मैदानावर गेले आणि तिथेच राहिले. शिट्टी वाजवली की पोरी थांबतात हे मला माहीत होतं. थांबल्यावर काय सांगायचं ते माहीत नव्हतं, म्हणून मी पुन्हा वाजवली. कुणी कुणाच्या हातातला बॉल हिसकावला की मला राहवत नाही. मी ओरडले, "हिसकू नको गं, मागून घे!" शिवकन्या गुणाची पोरगी, तिनं खरंच मागितला. मग इथल्या जवळच्या गोरेगावला जीप करून सराव सामन्याला गेलो. पोरी उन्हात पळून पळून लाल झालेल्या मला बघवेनात, तर मी लिंबू सरबताचा जग घेऊन सरळ आत गेले. पंचानं शिट्टी वाजवली, तशी मीही माझी वाजवली. त्यानं माझ्यावर फाऊल दिला. बाबा असते तर पुन्हा चौकशीला निघाले असते. आमचे नऊ गुण झाले. त्यांचे किती ते विचारू नको, पाटी बदलणाऱ्या पोरीचा हात दुखून आला.

प्राचार्य हरीश हा सरांचाच जुना विद्यार्थी. त्यानं मला खुर्ची दिली, चहा दिला आणि नरमाईनं सांगितलं, "काकू, नवीन कोच यायला टाइम लागून राहिला. सोमवारपर्यंत खेळातलं कुणी भेटलं न्हाई, तर आपल्याला स्पर्धेतून नाव वापस घ्यावं लागंल." शिवकन्या रडली. पुनम रडली नाही. ती नुसती बॉल भिंतीवर आपटत राहिली आणि मला तेच जास्त लागलं. तिचं शेवटचं वर्ष आहे. सरांनी एकेका पोरीच्या घरी जाऊन, आई-बापाची समजूत घालून हा संघ उभा केला होता.

असो. काळजी करण्यासारखं काही नाही. तू प्रकृतीला जप. शकूबाईस आशीर्वाद, नातवंडांचे पापे घे.

तुझी,
लक्ष्मीअक्का

ता. क. : हरीशला मी तुझं नाव सांगून टाकलंय. तो आधी हसला, मग खुर्चीतून उठून उभाच राहिला. सोमवारी सकाळी सहाला पोरी मैदानावर तुझी वाट बघतील. सरांचा ट्रॅकसूट तुला होणार नाही (पोट), म्हणून शिंप्याकडे दोन्ही बाजूंनी पट्टी जोडायला दिलाय.

आणखी एक : पहिला सामना कळमनुरीशीच आहे. हे वर लिहिलं असतं तर तू पत्र तिथेच टाकलं असतंस. तिथली सगळी पोरं-पोरी तूच घडवलीस, त्यांच्या खोडी तुझ्याइतक्या कुणाला ठाऊक? सर तुझ्या भिंतीवर बसायचे, तू आमच्या बाकावर बस.

शेवटचं : पोरी हरल्या तरी चालेल. पण सामना झाला की जेवायला घरी ये आणि भांड. सरांच्या बाजूनं मी भांडेन, पुनम मला फाऊल शिकवून राहिली आहे. अमृत, ते गेल्यापासून या घरात कुणी मोठ्यानं बोललेलं नाही रे. तू ये आणि ओरड.