वरच्या पार्किंगमधलं लीक

१७ नोव्हेंबर, सोमवार
आमच्या कात्रपच्या सोसायटीत हायड्रॉलिक पार्किंग. वर माझी गाडी, खाली शेजारच्या चंदूची नवी पांढरी. तिच्या बॉनेटवर तेलाचे थेंब! चंदू बोंबलत आला. त्याला म्हटलं, मेकॅनिक कशाला, मी आहे ना. अंबरनाथला कारखान्यात अठ्ठावीस वर्षं काढलीत. (स्टोअर्समध्ये. पण हायड्रॉलिकचे सगळे पाइप माझ्याच सहीने बाहेर जायचे.)

१८ नोव्हेंबर
लीक हाताने चाचपायचं नाही. प्रेशरचं तेल कातडीत घुसतं. लांबून पुठ्ठा धरायचा. धरला. सगळे पाइप कोरडे. लीक भलतंच बेरकी आहे.

२० नोव्हेंबर
पाइप कोरडेच. चंदूच्या बॉनेटवर पुठ्ठा टाकला, त्यावर काळे थेंब. उन्नतीने विचारलं, बाबा, गाडी शेवटची सर्व्हिसिंगला कधी दिली होती? पोरीला विषय सोडून बोलायची सवयच आहे. रविवारी साखरपुडा आहे तिचा. हॉलवर तिला मीच माझ्या गाडीतून नेणार. व्याह्यांना तसं सांगूनही ठेवलंय.

२२ नोव्हेंबर
वरचं लॉक लावलं. मेन स्विच बंद. मशीनचं सगळं तेल बादलीत काढलं. प्रेशर शून्य. शंभर टक्के सेफ.
संध्याकाळी : लॉक सोडायलाही प्रेशर लागतं. आता गाडी खाली येत नाही. उद्या तेल भरू.

२३ नोव्हेंबर, रविवार
९.३० : शिडी लावून वर आलोय. शेवटची तपासणी. चंदूला म्हटलं, घरच्यांना तुझ्या गाडीतून घेऊन पुढे हो, मी दहा मिनिटांत आलोच. उन्नती म्हणाली, बाबा, सोडा ना ते. किती गोड दिसत होती!

१०.१० : मंडपवाले शिडी मागायला आले. हॉलवरचं तोरण राहिलंय म्हणे. न्या म्हटलं. कार्य आपलंच आहे.

१०.१२ : अरे देवा. शिडी!

१०.४० : सगळी सोसायटी हॉलवर. वॉचमनलाही जेवायला मीच पाठवलं. फोन कोणी उचलत नाही, सनई चालू असेल. उडी मारावी तर गुडघा. गाडीत बसून लिहितोय. नवा कुर्ता घामाने चिकटलाय.

११.३० : मेकॅनिक भूपेश मिळाला. जांभूळ गावाहून निघतोय. मुहूर्त १२.१०.

१२.१० : अंगठ्या घातल्या असतील. फार वाईट वाटतंय.

१२.५० : भूपेश शिडी घेऊन आला. आधी पुठ्ठा बघितला, मग बादली. म्हणे काका, मशीनचं तेल पिवळं, हे काळं. मशीन एकदम ओके होतं. गळतंय तुमच्या गाडीचं इंजिन ऑइल.

१.१५ : उन्नतीचा फोन. नारळ माझ्या जागी चंदूने दिला. सगळं छान झालं म्हणाली आणि रडायला लागली. मी म्हटलं, बेटा, लीक सापडलं. कुठे, ते तिने विचारलं नाही.