वर थांबलेली वीट

५ ऑगस्ट, सोमवार

पंचवीसपैकी सहा! नातीने पेपर साखरेच्या डब्यामागे दुमडून ठेवला होता. चहा करायला गेलो आणि हाताला लागला.

नातीला मी टिटवी म्हणतो, कारण तिचं तोंड दिवसभर चालू असतं. आज मात्र पेपर हातात धरून मी समोर उभा, आणि ही गप्प. सहा मार्कांचा धडा कुठला, तर फेकलेली वस्तू हवेतून कशी जाते. वेगाचे बाण काढायचे, त्यांना सदिश म्हणतात.

"मला तो धडाच नको," म्हणाली. "प्रत्येक गणितात कोणीतरी उंचावरून पडतंय नाहीतर काहीतरी टाकतंय."

तिचा बाप बांधकामावरून पडून गेला तेव्हा ती सहा वर्षांची होती. दहा वर्षं झाली.

"पुस्तक दे तुझं," एवढंच म्हणालो.

६ ऑगस्ट

चौथी शिकलेला म्हातारा अकरावीचं पुस्तक घेऊन बसलाय. सून कामावर निघताना चप्पल घालता घालता म्हणाली, "अण्णा, यंदा परीक्षेला तुम्हीच बसा. निदान पेपर तरी लपवणार नाही."

हसू दे. घराचे नकाशे वाचायलाही मला कुणी शिकवलं नव्हतं. साहेब चहाला गेला की कागद बघायचो आणि उभ्या भिंतीशी ताडून पाहायचो. तसंच हेही येईल.

संध्याकाळपर्यंत दीड पान झालं. अर्धं कळलं असावं.

९ ऑगस्ट, शुक्रवार

हे फक्त इथे लिहितो. त्या दिवशी वीट मी फेकली होती.

आमचं कामच तसं होतं. मुलगा वर, बांबू बांधून केलेल्या परांचीच्या फळ्यांवर, मी खाली विटांच्या ढिगापाशी. मी फेकायची, त्याने झेलून रचायची. एका सकाळी चारशे-पाचशे विटा जायच्या. वीट आडवी सोडायची, गिरकी न देता. धरणाऱ्याने घाई करायची नाही. वर जाऊन वीट क्षणभर थांबते, तेव्हा नुसता हात पुढे करायचा, ती आपसूक येऊन बसते. लहानपणी मीच त्याला शिकवलं होतं — थांबलेली वीट धर, पळणारी नको.

त्या दिवशी वीट सोडली आणि पुढची उचलायला वाकलो. मग आवाज. वर पाहिलं तर फळी रिकामी. तीन मीटर उंची. माणूस तेवढ्यातही जातो.

माझी वीट कमी पडली असणार. तिच्यासाठी तो पुढे झुकला असणार. दुसरं काय? सिमेंटचा माल कालवणाऱ्याची आमच्याकडे पाठ होती, त्याने काही पाहिलं नाही. सगळ्यांना मी सांगितलं, पाय घसरला. सुनेलाही. टिटवीलाही.

आणि आता मीच तिला हा धडा शिकवायला बसलोय! नीट आला तर एक दिवस ती मलाच दोषी धरेल. नाही आला तर पोरीचं वर्ष जाईल. या घरात माझ्याशी पोटभर बोलणारं माणूस ती एकच. तीच बोलायची थांबली तर मी कुणाकडे पाहून उठू?

१० ऑगस्ट

तरी शिकवलं. पाच गणितं. दोन बरोबर, दोन चूक, एकावर भांडण.

१४ ऑगस्ट, बुधवार

शाळेने पालकांना बोलावलं होतं. सुनेला रजा नाही, म्हणून मी गेलो. पदार्थविज्ञानाच्या बाई तरुण आहेत, बाहीला खडूची पांढरी रेघ. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण त्यांनी आधी खुर्ची दिली.

"घरी अभ्यास कोण घेतं?"

"मीच, बाई. गवंडी होतो. येतं तेवढं सांगतो."

"तरीच! तिने कालच्या गृहपाठात लिहिलंय, वस्तू वर जाऊन थांबते. हे तुम्ही सांगितलंत?"

"थांबतेच की. विटा फेकताना आयुष्यभर पाहिलंय मी."

बाईंनी फळ्यावर तिरका बाण काढला. मग त्याचे दोन केले, एक उभा, एक आडवा. म्हणाल्या, "आजोबा, ही दोन भावंडं. एका घरात राहतात, पण एक दुसऱ्याच्या कामात नाक खुपसत नाही. वर जाणारा दमतो, शून्य होतो. आडवा आपला चालतच राहतो. वर वीट थांबलेली दिसते, पण ती हळूहळू धरणाऱ्याकडे सरकत असते."

मी उठून त्या बाणांवरून बोट फिरवलं. खरंच! म्हणून तर ती हातात येऊन बसायची. थांबली असती तर सरळ खाली आली असती, हातात कशाला येईल? चाळीस वर्षं विटा फेकल्या, आणि हे मला एका पोरीएवढ्या बाईने खडूने दाखवलं.

त्यांनी विचारलं, "वर्गाला फेकून दाखवाल?" नाही म्हणायला तोंड उघडलं. निघालं "बरं."

१९ ऑगस्ट, सोमवार

शाळेच्या मागच्या अंगणात सगळा वर्ग गोळा झाला होता. बाई पहिल्या मजल्याच्या सज्जात उभ्या. खरी वीट नको म्हणून विटेएवढा स्पंजाचा ठोकळा आणला होता. हलका, फेकायला वाईट. पहिला कठड्याला आपटून माझ्याच डोक्यावर आला. पोरं खिदळली. "आजोबा, हाही सदिश का?" एक जण ओरडला. मीही हसलो.

तिसऱ्यांदा हात बसला. ठोकळा वर गेला, रेंगाळला, बाईंच्या हातात गेला. त्यांना कोपरही हलवावं लागलं नाही. टाळ्या! मग एकामागून एक दहा. दहाही हातात. दहा वर्षांनी हात ते काम करत होते आणि मला ते बरं वाटत होतं, याची मला लाज वाटली.

टिटवी टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्या हातांकडे पाहत होती.

घरी येताना ती माझ्या बरोबरीने चालत होती. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानापाशी थांबली.

"आजोबा, बाबांना विटा कोण द्यायचं?"

"मी."

"त्या दिवशी पण?"

"त्या दिवशी पण."

मी तिच्या चार पावलं मागून घरी आलो.

२० ऑगस्ट

बोलली नाही.

२१ ऑगस्ट

बोलली नाही. जेवणाचं ताट माझ्यापुढे ठेवलं, पण वाटी आपटून. सून म्हणाली, "तुमचं काय बिनसलंय?" दोघंही म्हणालो, "काही नाही."

२५ ऑगस्ट, रविवार

सून बाजारात गेली आणि टिटवी वही घेऊन माझ्यासमोर बसली. चेहरा असा, की मला तिच्यात तिचा बाप दिसला. हिशेबात वीट चुकली की तोही असाच ओठ मुडपून बसायचा.

"मला सगळं मोजून सांगा. अंदाजे नको."

मोजमापाबाबत मला खोटं बोलता येत नाही. कधीच आलं नाही. तिने विचारलं, मी सांगितलं. माझ्या कमरेपासून त्याच्या छातीपर्यंत साडेदहा फूट. मी फळीच्या कडेपासून सव्वापाच फुटांवर उभा. त्याच जागेवरून रोज फेकायचो, मातीत माझ्या पावलांचे खळगे पडले होते. तिने फुटांचे मीटर केले. वर चढायला सेकंदाला आठ मीटरचा वेग, पाऊण सेकंदाहून थोडा जास्त वेळ, आडवा वेग दोन. माझ्याहून भरभर लिहीत होती. मीच शिकवलेली पोर! मी तिच्या पेन्सिलीकडे बघत होतो आणि आता टोक माझ्याकडे वळणार याची वाट पाहत होतो.

मग तिने विचारलं, "आणि ती वीट? ती कुठे पडली?"

हे मला दहा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

"वर," म्हणालो. "फळ्यांवर. दुसऱ्या दिवशी सामान उतरवायला चढलो तेव्हा पाहिली. आत भिंतीकडे होती. कोपरा उडालेला, बाकी अख्खी."

"कडेपासून किती आत?"

"दोन हात. तीन फुटांवर थोडी."

तिने खाली मान घालून आणखी एक गणित केलं. खोडलं. पुन्हा केलं. मग वही माझ्याकडे फिरवली.

"आजोबा, कमी पडलेली वीट खाली जमिनीवर येते. फळीवर चढून बसत नाही. ही बघा. बाबांच्या छातीपाशी आली तेव्हा आडवा वेग दोन. कुणी धरली नाही तर फळीपर्यंत पडायला अर्धा सेकंद. अर्ध्या सेकंदात एक मीटर आत. एक मीटर म्हणजे तीन फूट तीन इंच." तिने पेन्सिल खाली ठेवली. "तुमची वीट बरोबर होती. अगदी हातात आली होती. बाबांनी ती धरलीच नाही."

मग ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. सहा वर्षांची असताना रडली नव्हती एवढी. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. "झोपेत पण बडबडायचात तुम्ही, वीट कमी पडली म्हणून," म्हणाली. "मला वाटायचं जुन्या कामाचं आठवतंय. आता नाही ना बडबडणार?"

"नाही," म्हणालो.

सून पिशव्या घेऊन आली तर आम्ही दोघं तसेच. "सुटला वाटतं अबोला," म्हणाली. "आता भाजी निवडा, रडायचं ते निवडता निवडता."

२६ ऑगस्ट, सोमवार, सकाळ

वीट बरोबर होती. म्हणजे मला लपायला जागाच उरली नाही.

त्या दिवशी सकाळी तो म्हणाला होता, "अण्णा, डोकं गरगरतंय. आज मी खाली राहतो, तुम्ही दुसऱ्या कुणाला वर पाठवा." मी म्हणालो, "काम टाळायला बरं निमित्त सापडतं तुला. चढ." आणि तो चढला. इतकी वर्षं मी मनाशी हात चुकला म्हणत राहिलो, कारण हात चुकणं सोसवतं.

टिटवी आत केस विंचरतेय. हे सांगायला तिला हाक मारली. "आले, आजोबा!" म्हणतेय. किती मोकळ्या आवाजात.