तीस तारखेपर्यंतचं तापमान

२ एप्रिल, सकाळी ६.४०
नवी वही, नवा मी. गेल्या वर्षीची रोजनिशी नऊ जानेवारीलाच बंद पडली, पण त्यात माझा दोष नव्हता. पेन संपलं होतं.

या महिन्यात औषध खात्याची तपासणी आहे अशी कुणकुण लागली आहे. समोरचा मेडिकलवाला घाबरून दिवसातून तीनदा फरशी पुसतोय. मी शांत. कर नाही त्याला डर कशाला?

संकल्प एक: दुकान पूर्ण नियमात. संकल्प दोन: रात्री कुलूप लावताना मेन स्विच बंद. गेल्या आठवड्यात शेजारच्या शिंप्याकडे शॉर्ट सर्किट झालं, अर्धे कपडे जळाले. आपल्याकडे असं होता कामा नये. स्विचशेजारी सुवाच्य अक्षरात पाटी लावली: 'रात्री मेन स्विच न विसरता बंद करणे.' खाली तारीख घालून सही केली. आजपासून अंमल.

३ एप्रिल, दुपारी
इन्सुलिनच्या फ्रिजचा तापमान तक्ता. नियम असा की रोज सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर बघून आकडा लिहायचा, दोन ते आठ अंशांच्या आतला. मार्चचा तक्ता कोराच होता. तो भरून टाकला. हाताला लय लागली होती, म्हणून एप्रिलचाही तीस तारखेपर्यंत भरला. कामं वेळेआधी उरकण्याची सवय मला लहानपणापासून आहे.

सगळीकडे ४.० लिहिलं तर खोटं वाटतं. मधेमधे ३.८, ४.२ घातले. रविवारी मात्र ४.५, कारण रविवारी दुकान बंद, थोडं वाढणारच. असा बारीक विचार समोरच्याला सुचणार नाही.

थर्मामीटर फ्रिजच्या मागच्या भिंतीला आहे, खोक्यांच्या पलीकडे. तो बघण्यासाठी रोज औषधं हलवणं औषधांच्याच हिताचं नाही.

६ एप्रिल
सकाळी फ्रिजमधल्या बाटलीतलं पाणी कोमट. फ्रिजखाली पाण्याचं तळं. उन्हाळा यंदा फारच आहे. उपाय केला: नॉब तीनवरून थेट सातवर. दिवसभर भरपूर गारवा साठवला की तो रात्री पुरतो. साधं शास्त्र आहे.

ही म्हणाली की घरचा फ्रिज आपण रात्री बंद करत नाही. मी म्हटलं, घर वेगळं, दुकान वेगळं. दुकानाला परवाना असतो.

८ एप्रिल
आईच्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून जखम झाली आहे. साखर एकशे नव्वद. डॉक्टर म्हणाले, जरा आटोक्यात ठेवा, मधुमेहात पायाची जखम हट्टी असते. मी म्हटलं, डॉक्टर, मुलगा फार्मासिस्ट आहे.

तिची इन्सुलिनची जुनी कुपी संपत आली होती. नवी स्वतः निवडून आणली. अगदी मागची, भिंतीला टेकलेली, सगळ्यात गार. गिऱ्हाइकांना पुढच्या देतो. आईला मागची. एवढं मुलगा म्हणून करायलाच हवं.

१० एप्रिल, संध्याकाळी
निवृत्त मास्तर इन्सुलिन घ्यायला आले. पुढच्या कुप्या संपल्या होत्या. मागचं खोकं बर्फात रुतलेलं. कात्रीने उचकटून काढलं. मास्तरांनी विचारलं की हे गोठलंय की काय. मी हसून सांगितलं, गार म्हणजे ताजं.

ते गेल्यावर मनात पाल चुकचुकली. कॉलेजात शिकलो होतो: इन्सुलिन एकदा गोठलं की संपलं, वितळलं तरी कामाचं नाही. पण पुठ्ठा गोठला म्हणजे आतलं औषध गोठलं असं थोडंच आहे? शिवाय सकाळी तर सगळं पातळच असतं. पाल गप्प बसली.

१२ एप्रिल
आईची साखर तीनशे दहा! जखम काळी पडायला लागली आहे. डॉक्टर स्पष्ट बोलले. साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल.

मी शांतपणे विचार केला. औषध माझ्या दुकानातलं. सुई मी स्वतः देतो. म्हणजे दोष खाण्यात. आईला गोडाची आवड आहे हे साऱ्या नात्यागोत्याला ठाऊक आहे. आई म्हणाली, अरे, मी काहीच खात नाही. सगळे पेशंट हेच म्हणतात.

कारवाई: साखरेचा डबा, जॅम, बिस्किटं कपाटात. किल्ली माझ्या खिशात. आईसाठी पट्टीने आखून तक्ता केला: तारीख, वेळ, काय खाल्लं, शेरा. पलंगाशेजारच्या भिंतीवर लावला आणि बजावून सांगितलं, आई, यात खरं तेच लिहायचं. कागदाशी खोटं बोलायचं नाही.

आईने चष्मा लावून तक्ता नीट बघितला आणि पेन्सिलीला टोक करून मागितलं.

१४ एप्रिल
तीनशे चाळीस. सुईचा डोस वाढवला तरी ढिम्म. आईची उशी उचलून बघितली, गादीखाली बघितलं, औषधांच्या पिशवीतही बघितलं. काही सापडलं नाही. फारच हुशारीने लपवते.

ही चिडली. म्हणाली, मी दिवसभर घरात असते, त्या काही खात नाहीत, तुमचं औषध एकदा तपासा. मी म्हटलं, घरातल्या घरात साक्ष ग्राह्य धरत नाहीत. मी रागावलेलो नाही. काळजीने माणूस असाच बोलतो, आणि काळजी मलाही आहे. अंगठा काढायचा म्हणजे काय! या वयात ती चालणार कशी?

१६ एप्रिल
आईने कबूल केलं! मी जेवताना पुन्हा विचारलं. पुन्हापुन्हा विचारलं, खरं सांगायचं तर. शेवटी ताट बाजूला सारून म्हणाली, खाते रे बाबा, चोरून खाते, झालं समाधान?

झालं. आठ दिवसांनी प्रथमच जीव भांड्यात पडला. कारण कळलं की इलाज निम्मा झाला. हिच्याकडे नुसतं बघितलं. विजयात नम्र राहावं.

१७ एप्रिल, दुपारी
पक्की खबर: उद्या तपासणी. उद्या धावपळीत वेळ मिळणार नाही, म्हणून उद्याची नोंद आजच लिहून ठेवतो.

१८ एप्रिल
तपासणी उत्तम पार पडली. निरीक्षकांनी कागदपत्रांची वाखाणणी केली. तापमान तक्ता बघून म्हणाले की सगळ्यांनी आदर्श घ्यावा. समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

१८ एप्रिल, संध्याकाळी
निरीक्षक बाई होत्या. चहा नको म्हणाल्या.

आधी परवाना बघितला, मग तक्ता हातात घेतला. आज तारीख काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, अठरा. त्या म्हणाल्या, मग पंचवीस तारखेला ४.२ कसं? मी सांगितलं की मी जरा नियोजनाचा माणूस आहे. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, कोरे तक्ते पाहिलेत, खोटे पाहिलेत, पुढच्या आठवड्याचं ठाऊक असलेला पहिल्यांदाच पाहतेय.

मग फ्रिज उघडला. एकेक खोकं बाहेर काढलं. मागचा थर्मामीटर शून्याखाली तीन. एक कुपी उजेडात धरली. आत बर्फाचा खडा. मला वाटलं, आता निदान फ्रिज भरपूर गार आहे असं तरी त्या म्हणतील. तेही नाही.

सकाळी पाणी कुठून येतं, असं त्यांनी फरशीवरचा डाग बघून विचारलं. माझ्या उत्तराची गरजच पडली नाही. पाटी समोरच होती. सुवाच्य अक्षरात, तारीख-सहीसकट.

दिवसा गोठायचं, रात्री वितळायचं. बारा दिवस.

परवाना पंधरा दिवस स्थगित. फ्रिजला सील. कारणे दाखवा नोटीस. आणि लेखी आदेश: दोन तारखेपासून ज्यांनी इन्सुलिन नेलं त्या प्रत्येकाला आजच्या आज कळवा, कुप्या परत घ्या, कळवल्याची सही घ्या. बिलं बघून आणि मला विचारून त्यांनीच यादी केली. सात जण.

सहा जणांना फोन केले. एका बाईंचा मुलगा जे बोलला ते इथे लिहीत नाही, पण त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. मास्तर रागावले नाहीत. म्हणाले, मी विचारलं होतं तुला. एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

सातव्या व्यक्तीला फोन करता येत नाही. ती आतल्या खोलीत बसली आहे.

१८ एप्रिल, थोड्या वेळाने
आत गेलो. आई डुलकी घेत होती. तेवढाच वेळ मिळाला म्हणून भिंतीवरचा तक्ता वाचत उभा राहिलो. लावल्यापासून एकदाही वाचला नव्हता. पेन्सिलीने, वेळेसकट, रोजचं सगळं. चहा बिनसाखरेचा. उकडलेली भाजी. दूध अर्धा पेला. भूक लागली होती, पाणी प्यायले. एकही रकाना रिकामा नाही, आणि पुढची एकही तारीख भरलेली नाही.

सोळा तारखेच्या शेऱ्यात लिहिलं होतं: 'आज चोरून काही खाल्लं नाही. तरी खाते म्हणून सांगितलं. त्याला बरं वाटलं.'

ती जागी झाल्यावर सगळं सांगितलं. मागची कुपी, नॉब, स्विच, सगळं. आई पायाकडे बघत होती. मग विचारलं, मास्तरांना कळवलंस का? म्हटलं, हो. मग आदेशाच्या कागदावर सही केली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. म्हणाली, आता माझा तक्ता तू भर. पण बघून भर.

१९ एप्रिल, सकाळी ७.१५
समोरच्याकडून नवी कुपी आणली. तो पैसे घेईना. दिलेच.

आईची साखर: तीनशे बावीस. मशीनवर दोनदा बघितलं, मग लिहिलं. अंगठ्याचं काय ते डॉक्टर सोमवारी सांगणार.

सोमवारचा रकाना कोरा आहे.