थोरले, धाकटे आणि चार चौकोन

३ जून
आजपासून कामाची रोजनिशी. पुढे आठवणी लिहायला घेतल्या की बरी पडेल. आमच्या नळांच्या कारखान्यातल्या सारख्या प्रोसेस शोधून एकत्र करायचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलंय. म्हणाले, तुम्ही तो कोर्स केलाय ना. केलाय. निम्मा, पण महत्त्वाचा निम्मा.

५ जून
मॅप काढतोय. एक कृती, एक चौकोन, मग बाण. ज्यांचे चौकोन जुळतील त्यांचं एक कुटुंब. हिला समजावलं. ही म्हणाली, आई कपाटात कपड्यांच्या घड्या अशाच लावायची. शास्त्र सगळ्यांना कळत नाही.

९ जून, दुपार
सापडलं! बफिंगला दोन सख्खे भाऊ आहेत. थोरले फिरत्या चाकावर धरून नळाच्या तोट्या चकाकवतात, धाकटे नळ फिरवायच्या मुठी. दोघांचे मॅप खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. घ्या, धरा, फिरवा, ठेवा. तंतोतंत. म्हणजे एक प्रोसेस, एक चाक, एक माणूस. धाकट्यांची बदली लांबच्या गोदामात.
धाकटे म्हणाले, साहेब, दादाला ऐकू येत नाही. मी म्हणालो, मॅपमध्ये ऐकणं कुठेच नाही. ते बराच वेळ मॅपकडे बघत राहिले. पटलं असावं.

१६ जून
थोरले काम करता करता थांबतात आणि उजव्या खांद्यामागे बघतात. तिथे कोणी नसतं. फोरमन म्हणाला, चाकाचा आवाज बदलला की धाकटे मागच्या चाकावरून त्यांच्या खांद्याला हात लावायचे, मग थोरले तोटी उचलायचे. उशीर झाला की पितळ जळतं.
हे आधी सांगायला काय झालं होतं? धाकट्यांनी सांगितलं, पण सविस्तर नाही.
पाचवा चौकोन घालावा का? घातला तर कुटुंब मोडतं. नको.

२० जून
कॉम्प्युटरवर बसलो असताना खांद्यावर हात पडला. वळलो. कोणी नाही. एसीचा झोत. खुर्ची भिंतीला टेकवून घेतली.

२३ जून
भिंतीला पाठ आहे. तरीही.
ही म्हणाली, मान आखडली असेल. मलम आणलं. लावायला तिनं खांद्यावर हात ठेवला आणि मी किंचाळलो. ती सकाळपासून बोललेली नाही. मलम उग्र आहे, हे खरं कारण.

२५ जून
आज थोरले त्या रिकाम्या जागेशी बोलत होते. मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण ओठांवरून 'सांग ना रे' असं वाटलं. मग वाट बघत उभे राहिले. हातातली तोटी काळी पडली होती.
यापुढे पॅकिंगकडून वळसा घालून जायचं. चालणं तब्येतीला चांगलं.

३० जून
तोटी चाकातून निसटली आणि थोरल्यांच्या कानाला घासून भिंतीवर आदळली. त्यांना आवाज आलाच नाही. रक्त बघून मागे वळले. पॅकिंगची वाट खोक्यांनी अडली होती, म्हणून या वेळी मागे मी उभा होतो. माझ्याकडे बघितलं, आणि नजर माझ्या पलीकडे गेली. मीही मागे वळून पाहिलं.
धाकट्यांना फोन केला, परत या म्हणालो. ते म्हणाले, मला दुसरीकडे काम मिळालंय, दादालाही नेतोय. माझी परवानगी मागितली नाही. मागितली असती तर दिली असती.

४ जुलै
साहेबांनी बोलावलं. मला वाटलं, प्रमोशन. ते म्हणाले, बफिंगला माणूस नाही, आणि तुमच्या मॅपप्रमाणे हे काम कोणीही करू शकतं. खाली सही माझीच होती. अक्षर सुरेख आलंय.

७ जुलै
दिवसभर चाकावर. घेतलं, धरलं, फिरवलं, ठेवलं.
तपासणीच्या बाईंनी माझे सगळे नग बाजूला काढले. कारण काय लिहू, असं विचारलं. कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून मी हळूच सांगितलं, नवीन माणूस आहे.