पितळी शिट्टी कोणाकडे जावी याविषयी

मी, विजयकुमार नरहर खांबेटे, वय वर्षे त्रेसष्ट, निवृत्त बास्केटबॉल प्रशिक्षक, मूळ राहणार माझगाव, मुंबई, हल्ली मुक्काम इंग्लंड क्लस्टर, इंटरनॅशनल सिटी, दुबई (इंग्लंडशी आलेला माझा दुसरा संबंध कलम चारमध्ये आहे), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या अक्षरात आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी पत्नी प्रमिला दर पाच मिनिटांनी स्वयंपाकघरातून "झालं का?" विचारते आहे, ते दडपण धरू नये.

येत्या गुरुवारी माझी बायपास आहे. डॉक्टर म्हणाले काळजीचं कारण नाही. सह्या मात्र चार ठिकाणी घेतल्या. आमच्या वकीलबाई मृणालिनी देवस्थळी यांनी बजावलं आहे की मृत्युपत्र म्हणजे रोजनिशी नव्हे, थोडक्यात आटपा. खरं सांगतो, फ्लॅटबिटची वाटणी अर्ध्या पानात मावली असती. पण मला एका माणसाची माफी मागायची आहे. ती अकरा वर्षं तोंडातून निघाली नाही, म्हणून कलम पाचमध्ये लिहिली आहे. मी गेल्यावर कोणीतरी ती त्याला वाचून दाखवावी, म्हणजे मला त्याच्यासमोर बसावं लागणार नाही.

कलम १. खारघरचा फ्लॅट प्रमिलाचा, तिच्या पश्चात मुग्धा आणि वरद या आमच्या दोन मुलांचा, निम्मा निम्मा. विकून टाकायची घाई वरदच करणार. तेव्हा मुग्धाने त्याला बास्केटबॉलमध्ये घाईने घालवलेल्या त्याच्या फ्री थ्रोंची आठवण करून द्यावी.

कलम २. बँकेत जे असेल तेही प्रमिलाचं. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा नीट माहीत आहे.

कलम ३. जुनी कोरोला मुग्धाला. एसी डाव्या बाजूलाच लागतो, तक्रार करू नये.

कलम ४. मिस्टर कॉलिन यांच्याविषयी. सन २००८ साली शारजातल्या एका कॉलेजने (नाव लिहायला वकीलबाईंची मनाई) मला सहायक प्रशिक्षक म्हणून घेतलं आणि मिस्टर कॉलिन यांना मुख्य. माणूस गोरा, इंग्लंडचा, भला. मूळचा पोहण्याचा मास्तर. पहिल्याच आठवड्यात त्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की तीन गुण नक्की कशाचे मिळतात. सराव मी घ्यायचा, डाव मी आखायचे, कोणी कुठे खेळायचं ते मी ठरवायचं, आणि सामन्याच्या दिवशी खुर्चीत पाटी घेऊन तो बसायचा. पगार माझ्या तिप्पट. मी डीनकडे गेलो तर ते म्हणाले, "हबीबी, हेड कोच हा पालकांना हेड कोचसारखा दिसायला हवा." म्हणजे कातडी आणि पासपोर्ट. मी घरी येऊन दोन दिवस जेवलो नाही. कॉलिनमध्ये असं काय आहे जे माझ्यात नाही, हे पुढे सरावाला पोरांनाही विचारत राहिलो. टीमच्या सहा वर्षांच्या फोटोंत तो मधोमध आहे आणि मी पाण्याच्या कॅनच्या मागे. ज्या फोटोत माझा फक्त एक कान आला आहे, तो फोटो मिस्टर कॉलिन यांना पोस्टाने पाठवावा.

कलम ५. हम्मादविषयी. आईवडील सुदानचे, जन्म शारजातला, उंची सहा फूट पाच इंच, हिंदी माझ्यापेक्षा बरी. २०१२ साली टीममध्ये आला आणि पहिल्या दिवशी म्हणाला की मी पॉइंट गार्ड खेळतो. पॉइंट गार्ड म्हणजे बॉल हातात ठेवून बाकी चौघांना खेळवणारा, टीमचं डोकं. मी हसलो. त्याला बास्केटखाली उभं केलं आणि सांगितलं, उडी मार, बॉल पकड, दुसऱ्याला दे. रात्री प्रमिलाला मी असंही म्हणालो की या लोकांना देवाने अंग दिलंय, डोक्याचं काम आपल्या पोरांनी करावं. ती ताट उचलून आत गेली. पॉइंट गार्ड मी वरदला केलं. उंची पाच फूट आठ, बाप प्रशिक्षक.

दोन वर्षं हम्माद दर आठवड्याला विचारत राहिला आणि मी दर आठवड्याला "अगले हफ्ते, इन्शाल्ला" म्हणत राहिलो. डीन मला जे सांगत होते तेच मी त्याला सांगत होतो. हे मला कळत नव्हतं असं नाही. मी कळून घेत नव्हतो.

२०१४ ची आंतरकॉलेज फायनल. चार मिनिटं बाकी, आम्ही ~~सहा~~ आठ गुणांनी मागे, आणि वरदचा पाचवा फाउल झाला, म्हणजे तो सामन्याबाहेर. मिस्टर कॉलिन माझ्याकडे बघू लागले. दुसरं कोणी उरलं नव्हतं म्हणून मी बॉल हम्मादकडे दिला. मोठं मन करून नव्हे. त्या चार मिनिटांत त्याने स्वतः एकदाही बास्केटवर नेम धरला नाही. बुटक्या पोरांच्या हातात असे पास दिले की त्यांनी फक्त बॉल आत सोडायचा. तीन गुणांनी जिंकलो. डीननी कप घ्यायला मिस्टर कॉलिनना पुकारलं, पण कप हम्मादच्या हातात होता. तो त्यांना "एक्स्क्यूज मी" म्हणून पुढे गेला, पाण्याच्या कॅनच्या मागे आला आणि कप त्याने माझ्या हातात दिला. सगळा हॉल उभा राहिला. पुढच्या वर्षी मी मुख्य प्रशिक्षक झालो. माझ्यावरचा अन्याय असा संपला. पेपरात बातमीही आली.

त्याच संध्याकाळी मी भाषण केलं. त्यात वरदच्या डोक्याचे आभार मानले आणि हम्मादच्या उंचीचे. गाडीत वरद म्हणाला, "बाबा, ही वॉज ऑल्वेज बेटर दॅन मी." त्याआधी पार्किंगमध्ये हम्मादने मला गाठलं होतं. आवाज चढवला नाही.

"सर, आप पूछते थे ना, कॉलिन में ऐसा क्या है जो मुझमें नहीं? मैं भी दो साल से यही पूछ रहा हूँ."

मी म्हणालो, उद्या सरावाला वेळेवर ये.

हम्माद, मी चुकलो. तुझी कातडी बघून मी तुझी जागा ठरवली आणि तुझी दोन वर्षं खाल्ली. वर तुझ्याच हातून न्याय घेतला. मला याची लाज वाटते.

माझी पितळी शिट्टी हम्मादला द्यावी. ती नागपाड्याच्या कोर्टावरचे माझे उस्ताद अजीजभाई यांची. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा चांगलाच बुटका होतो. त्यांनी उंची न विचारता माझ्या हातात बॉल दिला होता. हम्माद आता शारजा औद्योगिक क्षेत्रात स्पेअर पार्टचं गोदाम सांभाळतो आणि रविवारी तिथल्या कामगारांची टीम खेळवतो. शिट्टी तिथे वाजेल.

दुरुस्ती, त्याच दिवशी संध्याकाळी. साक्षीला दोन माणसं हवी होती. वरच्या मजल्यावरचे अक्रम परकार आले. दुसरे गृहस्थ शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकले. तेवढ्यात हम्माद फळं घेऊन माझी विचारपूस करायला आला आणि म्हणाला, मी करतो सही. मी म्हटलं, तुझी सही चालणार नाही. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीला सही केली तर त्याचं मिळणं रद्द होतं, असं वकीलबाईंनी सांगितलंय. त्याने विचारलं, मला काय मिळतंय? मग मी लपवणार कुठे? मी कलम पाच त्याला हिंदीत वाचून दाखवलं. दोनदा मला थांबावं लागलं. प्रमिला चहा घेऊन दारातच उभी राहिली.

हम्मादने हातातली फळं टेबलावर ठेवली. मग म्हणाला, सहा नाही, आठ गुणांनी मागे होतो. मी तिथल्या तिथे खोडून लिहिलं.

मग म्हणाला, "सर, इसके लिए आपका मरना ज़रूरी है क्या?"

उठून त्याने खिळ्यावरची शिट्टी काढली, गळ्यात घातली आणि म्हणाला की आता यात माझं काही उरलं नाही, पेन द्या. सबब कलम पाचमधली शिट्टी वजा समजावी. माफी तशीच ठेवावी. साक्षीदाराच्या नावापुढे व्यवसाय लिहावा लागतो. गोदामाचा मॅनेजर लिहू का, असं मी विचारलं, तर त्याने कागद स्वतःकडे ओढून घेतला.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला आणि मोठ्याने वाचून दाखवला, तो मला मान्य आहे.

ठिकाण: इंटरनॅशनल सिटी, दुबई
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

सही: वि. न. खांबेटे

साक्षीदार १: अक्रम इब्राहिम परकार. व्यवसाय: अकाउंटंट. (सही)

साक्षीदार २: हम्माद अल-तय्यिब उस्मान. व्यवसाय: पॉइंट गार्ड. (सही)